मिशीवरून पदर

नाशिक शहर व पंचक्रोशीतील तमाम स्त्री-पुरुष नागरिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखकाने उमेदीची सगळी वर्षे साड्या नेसण्यात घालवलेली आहेत. एखादी सौभाग्यवती जन्मभरात जेवढे शालू नेसत नाही, तेवढे लेखकाने एकेका लग्नसराईत नेसलेले आहेत. पैठणी, इरकल, नारायणपेठ, कांजीवरम, काहीही वर्ज्य केलेले नाही. हे सर्व भरदिवसा, मेन रोडवर, ट्यूबलाइटच्या लखलखाटात आणि भरघोस मिशीसह घडलेले आहे. ज्यांना धक्का बसला असेल त्यांनी आधी पाणी प्यावे आणि मग पुढे वाचावे.

तर मी साडीच्या दुकानात सेल्समन होतो. नव्वदच्या दशकात लागलो तेव्हा शेठनी माझं शिक्षण विचारलं नाही, अनुभव विचारला नाही. उभं केलं, डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि शेजारच्या ढिगातली एक साडी माझ्या खांद्यावर फेकली. मागे सरकून, डोळे बारीक करून म्हणाले, “उंच आहेस. पदर जमिनीला लागणार नाही. उद्यापासून ये.” घरी आईने विचारलं, काय काम आहे? मी म्हणालो, कपड्याच्या लाइनमध्ये. तिने गल्लीत सांगितलं, विलास कंपनीत लागला. मीही ते खोडलं नाही. अंबडच्या कारखान्यात लेथवर उभ्या राहणाऱ्या माझ्या मित्रांना मी रोज चिंतामणी रंगाच्या साडीत उभा राहतो हे कळायला चांगली दोन वर्षं गेली, आणि कळल्यावर ते सगळे एकदम साडी घ्यायला आले. घेतली कोणीच नाही.

आमचं दुकान जुन्या पद्धतीचं. पांढऱ्याशुभ्र चादरी घातलेली लांबलचक गादी, तिच्या एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला गिऱ्हाईक. गिऱ्हाईक म्हणजे बायका. पुरुष भिंतीला टेकून बसायचे आणि पाणी प्यायचे. आमचं काम साडीची घडी मोडून ती पाण्याची लाट यावी तशी समोर फेकायची, आणि बाईचा हात एखाद्या साडीवर रेंगाळला की ताडकन उठून ती स्वतःला नेसायची. पॅन्टवरून एक नाडा बांधलेला असे, त्यात निऱ्या खोचायच्या, पदर खांद्यावर टाकायचा, एक गिरकी घ्यायची आणि चेहऱ्यावर काहीही भाव न आणता उभं राहायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड. मी पहिले सहा महिने लाजत होतो. शेठ म्हणाले, “विलास, तू लाजतोस ते नवरीसारखं दिसतं. गिऱ्हाईक साडी सोडून तुला बघतं.”

बाहेरच्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो हाच, की बायकांची साडी पुरुषाच्या अंगावर का? शेठ म्हणायचे, पहिल्यापासून असंच आहे. माझं मत वेगळं आहे. सुंदर बाईच्या अंगावर साडी दाखवली तर बघणारीला वाटतं, ही काय, हिला काहीही शोभेल. माझ्या अंगावर टाकली की तिच्या मनात धीर येतो. या रेड्याला जर इतकी खुलते, तर आपलं काय वाईट होणार आहे? माझ्या मिशीने नाशिक जिल्ह्यातल्या असंख्य बायकांना स्वतःविषयी बरं वाटायला लावलं. या कार्याबद्दल मला आजवर कोणी शाल-श्रीफळ दिलेलं नाही.

बायकोची मात्र एक कायमची तक्रार आहे. “या घरात आलेली एकही साडी मी पहिल्यांदा नेसलेली नाही.” ती म्हणते ते खरं आहे. शिवाय घरी साडीची घडी घालायला सांगितली की माझे हात दुखतात.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायला बसलो तर हा अंक पुरायचा नाही. एक निवृत्त गृहस्थ दर दिवाळीला बायकोसाठी एकटेच साडी घ्यायला यायचे. रंग सांगता येत नाही म्हणून एका वर्षी त्यांनी पिशवीतून वांगं काढून गादीवर ठेवलं. म्हणाले, हा रंग. आम्ही वांग्याशेजारी साड्या लावून बघितल्या. एक तंतोतंत जुळली. ते खूश होऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी साडी परत घेऊन आले. म्हणाले, वांगं बाईसाहेबांनी भाजीला आणायला सांगितलं होतं, साडी त्यांना डाळिंबी हवी होती, माझी गल्लत झाली. दुसऱ्या एक बाई होत्या, त्यांना कुठलीही साडी चालायची, फक्त तिचा काठ जावेच्या साडीपेक्षा एक बोट रुंद हवा. काठ आमच्याकडे बोटांनी मोजतात. दोन बोटं काठ म्हणजे साधा, चार बोटं म्हणजे बरा, वीतभर काठ म्हणजे घराण्याचा प्रश्न. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पैठण्या आणायला मी एसटीने येवल्याला जायचो. तिथे मागावर पुरुष बसलेला आणि त्याची बायको खाली बसून रेशीम उलगडून देत असलेली. तिने उलगडलेलं रेशीम त्याने विणायचं. विणतो पुरुष, विकतो पुरुष, पैसे मोजतो पुरुष, आणि नेसते बाई. आमच्या दुकानात तर साडीही पहिल्यांदा पुरुषच नेसतो. हे कोणी ठरवलं असेल, कुठलं काम बाईचं आणि कुठलं बाप्याचं, हा विचार माझ्या डोक्यात यायचा आणि नाशिकरोडला उतरेपर्यंत निघून जायचा. त्याचं उत्तर पुढे एका बाईने एका वाक्यात दिलं.

ही बाई म्हणजे सुनंदाताई. आमच्या दुकानाच्या जिन्याखाली, जिथे माणूस ताठ उभा राहिला तर डोकं आपटतं, तिथे शिलाई मशीन होतं. साडीला फॉल-पिको करायला सुनंदाताई त्यावर बसायच्या. नगाप्रमाणे मजुरी, डोळ्यांसमोर एक पिवळा बल्ब, आणि मे महिन्यात भट्टी. वय पस्तिशीचं, नवरा अंबडला कंत्राटी कामावर, त्याला कंपनी दर काही महिन्यांनी ब्रेक देऊन घरी बसवायची. घर मग त्या मशीनवर चालायचं. आमची गादी त्यांना तिथून नीट दिसायची. गादीवर चार पंखे होते.

दोन हजार सालाच्या आसपास समोर एक काचेचं मोठं शोरूम उघडलं. तिथे गादी नाही, काउंटर. पुरुष नाहीत, एकसारख्या साड्यांतल्या मुली. आणि पुतळे. पुतळ्यांना डोकी नव्हती. आमचे शेठ पंधरा दिवस आमच्या दारात उभे राहून समोर बघत होते. सोळाव्या दिवशी म्हणाले, “विलास, आपल्याकडे पण एक लेडीज पाहिजे गादीवर.”

आमच्यातले ज्येष्ठ सेल्समन खवळले. बाई गादीवर बसणार म्हणजे आम्ही काय आता जिन्याखाली बसायचं? मी गप्प होतो, कारण मला कुठलाही नवा खेळ बघायला आवडतो. शेठना बाहेरून कोणी आणायचं नव्हतं, म्हणून त्यांनी सुनंदाताईंना वर बोलावलं आणि मला सांगितलं, तयार कर यांना.

पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, “ताई, इतक्या दिवसांत तुम्ही कधी म्हणाला नाहीत, मला गादीवर यायचंय?”

“भाऊ, ते पुरुषांचं काम.”

“कोण म्हणतं?”

त्यांनी वर बोट दाखवलं. “ज्या कामावर पंखा असतो, ते पुरुषांचं.”

मी वाद घालायचा प्रयत्न केला. म्हटलं, लग्नातला आचारी? तो तर चुलीपुढे उभा असतो. त्या म्हणाल्या, “त्याला तंबाखू मळायला बाहेर जाता येतं. पोळ्या लाटणाऱ्या बायकांना जाता येतं का?” मी त्या दिवसापासून जिथे जाईन तिथे वर बघायला लागलो. बँक, कचेरी, बाजार समिती. बाईचा सिद्धान्त पक्का होता.

पण गिऱ्हाइकापुढे त्यांचं जमेना. मुख्य अडचण अशी की त्या खरं बोलायच्या. कोणी विचारलं, रंग जाईल का? आमचं ठरलेलं उत्तर असे, “गेला तर मला सांगा.” ऐकायला छान, आणि नीट बघितलं तर त्यात कुठलंच वचन नाही. सुनंदाताई म्हणायच्या, “जाईल की. पहिली दोन धुणी वेगळी धुवा.” कोणी विचारलं, ही मला शोभेल का? त्या खरोखर त्या बाईकडे बघायच्या. पूर्ण बघून म्हणायच्या, “नाही.” शेठ गल्ल्यावरून उठून उभे राहायचे.

दुसरी अडचण मी आधी सांगितलेली. त्यांनी साडी स्वतःच्या अंगावर टाकली की समोरची बाई म्हणायची, “तुमचं काय हो, तुम्हाला गोणपाट शोभेल.” आणि उठायची. शेवटी आम्ही जोडी केली. त्या बोलणार, मी नेसणार. पण मेन रोडवरच्या दुकानात परक्या बाईने परक्या पुरुषाला साडी नेसवायची, तीही चारचौघींसमोर? सुनंदाताईंनीच तोड काढली. साडीचं एक टोक मी नाड्यात खोचायचं, उरलेली साडी त्यांनी हातभर लांबून ताणून धरायची आणि म्हणायचं, “भाऊ, फिरा.” मी भोवऱ्यासारखा फिरायचो, साडी गुंडाळली जायची. निऱ्या त्या हातात घालून, चिमटीत धरून माझ्यापुढे करायच्या. “हं, खोचा.” बोट बोटाला लागत नसे. बायका हसायला लागल्या, शेजारच्या दुकानातले बघायला येऊ लागले, आणि हसणारी बाई रिकाम्या हाताने जात नाही हा या धंद्यातला नियम आहे.

तरीही शेठचं मन तयार होईना. खरं बोलणारी बाई गादीवर म्हणजे चादरीखाली विंचू. ते म्हणाले, लग्नसराई संपेपर्यंत बघतो. सुनंदाताईंनी मला एवढंच सांगितलं, “भाऊ, पगार थोडा कमी दिला तरी चालेल. पण आता मला परत त्या जिन्याखाली जायचं नाही. मला पंख्याखाली बसायचंय.”

आणि मग तो बस्ता आला.

ज्यांच्याकडे लग्नं दोन सुटकेसांत उरकतात त्यांच्यासाठी सांगतो. बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी एकाच दिवशी, एकाच दुकानात, दोन्हीकडच्या मंडळींनी समोरासमोर बसून करायची. नवरीच्या शालूपासून नवरदेवाच्या मावशीच्या जावेच्या साडीपर्यंत. शेवटी सगळं पांढऱ्या कापडात घालून गाठ मारायची, तो बस्ता बांधणं. ही गाठ आमच्या दुकानात नेहमी सगळ्यात ज्येष्ठ सेल्समन मारायचा, कुंकू लावून, नारळ ठेवून. बस्ता न बांधता मंडळी उठून गेली, तर दुकानदाराचं नुकसान होतं ते होतंच, पण ते लग्नही पुढे नीट उभं राहत नाही असं आमच्या भागात मानतात.

ही मंडळी निफाडकडची, द्राक्षबागाईतदार. दोन जीपा आणि एक टेम्पो. शेठनी सकाळीच सुनंदाताईंना बाजूला घेतलं. मीही होतो. “आज फक्त ‘छान आहे’ म्हणायचं. दुसरा शब्द नाही. बस्ता नीट बांधून गेला तर तुम्ही कायम. नाहीतर मशीन आहेच.” सुनंदाताईंनी मान हलवली आणि पदराने ओठ पुसले, जणू काही शब्द तिथे लागलेले असावेत.

वरपक्षाच्या प्रमुख नवरदेवाच्या आत्या, त्यांना सगळे आक्का म्हणत. आक्का मधोमध बसल्या. त्यांच्यासमोर नवरीची आई, अंग चोरून. नवरी मनीषा मागे खांबाला टेकून, खाली मान घालून. आमच्याकडे नवरीचा शालू वरपक्ष निवडतो आणि नवरीला विचारलं तर तिने “तुम्ही म्हणाल तो” म्हणायचं असतं. तिला कोणी विचारलंही नव्हतं. नवरदेवाचे आजोबा, आबा, बाहेर जीपमध्येच बसून होते. त्यांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. त्यामुळे मुलगी बघायलाही ते जाऊ शकले नव्हते.

आहेराच्या साड्या सुरळीत गेल्या. सुनंदाताई प्रत्येक साडीला “छान आहे” म्हणत होत्या. त्यातल्या काहींना म्हणताना त्यांच्या गळ्यातली शीर फुगलेली मला दिसत होती. मी फिरत होतो, खोचत होतो. दुपार झाली आणि मग शालू निघाला.

लाल बनारसी, जरीने जड, आणि काठ वीतभर. मी नेसलो. आक्का म्हणाल्या, “डोक्यावर पदर घ्या. आमच्यात नवरी डोक्यावर पदर घेती.” मी घेतला. आक्कांनी मान वाकडी करून बघितलं. “अजून खाली घ्या. मिशी झाका. सगळं लक्ष तिकडंच जातंय.” मी पदर हनुवटीपर्यंत ओढला. आता मला फक्त जरीच्या जाळीतून जग दिसत होतं.

“हाच,” आक्का म्हणाल्या. “काठ बघा. मांडवात लांबून कळलं पायजे, कोणाच्या घरची सून हे.”

त्या जाळीतून मी मनीषाकडे बघितलं. तिने पहिल्यांदाच मान वर केली होती. ती माझ्या पायांकडे बघत होती. काठ माझ्या घोट्यापासून पोटरीपर्यंत आला होता. ती पोरगी माझ्या छातीइतकी होती. तिने मनातल्या मनात तो काठ स्वतःवर लावून बघितला आणि मान पुन्हा खाली घातली. हे मी बघितलं, आणि दुर्दैवाने सुनंदाताईंनीही बघितलं.

“शालू छान आहे,” सुनंदाताई म्हणाल्या.

शेठनी सुटकेचा श्वास सोडला.

“पण,” सुनंदाताई म्हणाल्या.

शेठ खोकले.

“पण ताईंची उंची बेताची आहे. एवढा काठ त्यांच्या अंगावर फार मोठा होईल. लांबून शालू दिसेल, ताई दिसणार नाहीत.”

आम्हाला कुठे माहीत होतं की या लग्नातलं दुखणं नेमकं तेच आहे. आक्कांनी हात ओवाळल्यासारखा फिरवला.

“घ्या. आता दुकानवाली बी म्हणती पोरगी बुटकी हे. मी म्हणत होते तर मी वाईट.”

नवरीची आई इतका वेळ अंग चोरून बसली होती, ती सरळ झाली. “बुटकी कोण म्हणालं? बेताची म्हणाल्या त्या.”

“बेताची म्हंजी काय? द्राक्षाचा मांडव काय बेतानं खाली येतो का? हिचा हात तरी पुरंल का घडाला?”

द्राक्षाच्या वेली डोक्यावर तारांच्या मांडवावर चढवलेल्या असतात. सगळी कामं हात वर करूनच करायची. हे नवरीच्या आईला आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. ती म्हणाली, “आक्का, आम्ही पोरगी नांदायला देतोय. मांडवाला टांगायला देत नाय.”

भिंतीला टेकलेले पुरुष पाण्याचे पेले खाली ठेवून उभे राहिले. नवरीचे वडील म्हणाले, “बघायला आलात तवा पट्टी आणायची होती मोजायला.” आक्कांनी पिशवी काखेत मारली. “चला. नाय बांधायचा बस्ता आज.”

शेठ ओरडले, “स्पेशल सांगा.” आमच्याकडे भांडणाला स्पेशल चहा असे. मग त्यांनी सुनंदाताईंकडे बघितलं आणि नंतर जिन्याकडे. तेवढं पुरे होतं. सुनंदाताईंचे हात घडी घालत होते, पण कुठलीच साडी हातात नव्हती.

मी मात्र मधोमध उभा. आमच्या दुकानाचा नियम होता, अंगावरचा माल गिऱ्हाइकाने “नको” म्हटल्याशिवाय उतरवायचा नाही. उतरवला की सौदा मेला. आक्का “चला” म्हणाल्या होत्या, “नको” म्हणाल्या नव्हत्या. मी त्या एका शब्दाच्या आधारावर, तोंड झाकून, शालूत ताठ उभा राहिलो.

एवढ्यात दारातून आबा आले. आवाज ऐकून जीपमधून उतरले असावेत. धोतर, टोपी, हातात काठी, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. सगळे उभे, सगळे एकमेकांवर ओरडणारे, आणि मधोमध लाल शालूत, डोक्यावरून पदर घेतलेली, खाली मान घातलेली एकच व्यक्ती. आबा सरळ माझ्याकडे आले. माझ्या डोक्यावर हात ठेवायला त्यांना टाचा उंच कराव्या लागल्या.



आता मी काय करायला हवं होतं? पदर मागे घेऊन सांगायला हवं होतं, की काका, मी विलास. पण इतकी वर्षं साड्या नेसल्यावर माणसाच्या अंगात काही गोष्टी मुरतात. मी वाकलो आणि आबांच्या पाया पडलो.

“औक्षवंत व्हय,” आबा म्हणाले. “आठ लेकरांची आय व्हय.” मग काठी आपटून ते आक्कांकडे वळले. “शांते, तुला दोन डोळे हायेत ना? मला एकच हे, तरी दिसतंय. घरात नुसतं बुटकी, बुटकी लावलंय. किती उंच पोरगी हे ही. हिला काय स्टूल लागणार हे? हिचा हात थेट मांडवाला. आन् खांदे बघ. फवारणीचा पंप एकटी उचलंल.”

पहिलं हसू खांबामागून आलं. मनीषा. सकाळपासून जिच्या तोंडातून एक शब्द निघाला नव्हता ती पोरगी गुडघ्यात तोंड घालून हसत होती. तिला बघून तिची आई हसली. पुरुष भिंतीकडे तोंड करून हसू लागले. आक्कांनी खूप वेळ चेहरा धरून ठेवला, मग पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि त्या मटकन खाली बसल्या. काखेतली पिशवी गादीवर पडली. एकदा खाली बसलेलं माणूस लगेच रागाने उठून जाऊ शकत नाही.

त्या गोंधळात सुनंदाताईंनी एक साडी ओढली आणि मनीषाचा हात धरला. “ताई, चला माझ्याबरोबर.” त्या तिला घेऊन जिन्याखाली गेल्या. मशीन सरकवल्याचा आवाज आला, मग गादीची एक चादर दोरीवर आडवी पडली. आमच्या दुकानात आजवर कुठल्याही नवरीने स्वतःचा शालू स्वतःच्या अंगावर बघितला नव्हता. तो तिने माझ्याच अंगावर बघायचा असे. गादीवर नेसवायला बाई नव्हती आणि आडोसाही नव्हता. इतक्या नवऱ्या मुलींनी आपल्या लग्नाचं चित्र एका मिशीवाल्याकडे बघून मनात काढलं, याचं वाईट मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

(आता मी खुर्चीत बसतो. गुडघे फिरू देत नाहीत. आमच्याकडेही पुतळे आले, बिनडोक्याचेच. मी बायकोला म्हणतो, मला निदान डोकं होतं. ती घडी घालायला साडी पुढे करते.)

चादर बाजूला झाली. मनीषा बाहेर आली. गडद जांभळा शालू, दोन बोटं काठ, खालपासून वरपर्यंत बारीक बुट्ट्या आणि निऱ्या इतक्या सरळ, की पोरगी आहे त्याहून वीतभर उंच वाटत होती. ती भिंतीवरच्या आरशापुढे गेली आणि तिथेच थांबली. सुनंदाताई “छान आहे”सुद्धा म्हणाल्या नाहीत. त्यांचं लक्ष आक्कांकडे होतं. माझंही, जाळीतून.

आक्कांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, “इकडं ये.” मनीषा गेली. आक्कांनी तिचा पदर खांद्यावर ओढून नीट केला, जरा जास्तच जोरात. “पदर असा घेत जा. घसरता नाय पायजे.” आमच्याकडच्या आत्यांच्या भाषेत याला पसंती म्हणतात. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “आन् तो वीतभर काठाचा, यांच्या अंगावरचा, तो मला आहेरात राहू द्या.”

शेठना एकाऐवजी दोन शालू गेल्याचं कळायला क्षणभर वेळ लागला. मग त्यांनी वर पंख्याकडे बघितलं, जिन्याखालच्या चादरीकडे बघितलं आणि घसा साफ केला.

“सुनंदाबाई,” ते म्हणाले, “बस्ता तुम्ही बांधा.”

ज्येष्ठ सेल्समनने कुंकवाची वाटी पुढे सरकवली. सुनंदाताई बरोब्बर पंख्याखाली बसल्या. कापड पसरलं, साड्या रचल्या, जांभळा शालू सगळ्यात वर. केस कपाळावर उडत होते, तरी त्यांनी ते मागे सारले नाहीत. स्पेशल चहा आला. मी अजून शालूत, तोंड झाकूनच होतो, कारण आक्का काठ पुन्हा पुन्हा बोटांनी मोजत होत्या. आबांना खरं कोणी सांगायचं, यावर सगळे एकमेकांकडे बघत होते आणि कोणीच सांगत नव्हतं.

मनीषाची आई तिला आबांपुढे घेऊन आली. “आबा, ही मनीषा.” मनीषा पाया पडली. आबांनी बशीतला चहा खाली ठेवला. चांगला डोळा आधी तिच्यावर फिरवला, मग माझ्यावर, मग परत तिच्यावर. सुनंदाताईंनी गाठ आवळली, आणि त्याच वेळी आबा सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “धाकटी लय गुणाची हे. पर थोरलीचं कुठं जमलंय का नाय अजून? आमचा एक नातू उंच हे.”